खापराच्या आतली खरवड: मातीच्या भांड्यांतून प्राचीन वनस्पतीजन्य अन्न शोधताना

पहिल्यांदा प्रागैतिहासिक खापराच्या आतला काळा थर खरवडला तेव्हा माझ्या हातात पावडरवाले हातमोजे होते. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर पिष्टकणांची, म्हणजे स्टार्चच्या कणांची, नुसती रेलचेल! दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. तिसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हातमोज्यांच्या खोक्यातली चिमूटभर पावडर काचपट्टीवर टाकली आणि म्हणाले, "आता बघ." हुबेहूब तेच कण. हातमोजे पटकन चढावेत म्हणून कारखान्यात लावलेलं मक्याचं पिष्ट होतं ते.

या कामात नव्याने शिरणाऱ्या बहुतेकांना अशी एखादी ठेच लागतेच. ती तुम्हाला जरा कमी लागावी म्हणून हे लिहिते आहे. पुरातत्त्वशास्त्राचे विद्यार्थी, वनस्पतीशास्त्राकडून इकडे वळलेले किंवा रसायनशास्त्र येतं पण खापर कधी हातात घेतलेलं नाही असे, सगळ्यांनाच उपयोग होईल.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. भांड्यात मांस, मासा किंवा दूध शिजलं की त्यातली चरबी मातीच्या छिद्रांत जिरते आणि हजारो वर्षं तिथेच राहते. वनस्पतींचं तसं नाही. कंद, पाला, धान्य यांत मुळात चरबी थोडी. एकाच भांड्यात दोन्ही शिजलं असेल तर प्राण्यांची चरबी वनस्पतींची खूण झाकून टाकते. त्यामुळे प्राचीन भांड्यांच्या गोष्टी बराच काळ मांस आणि दुधाच्याच होत्या. वनस्पती शोधायच्या तर एका चाचणीवर भागत नाही, तीन-चार वाटांनी जावं लागतं. आणि नमुना मात्र नखाएवढा असतो. तो कोणत्या क्रमाने खर्च करायचा हे ठरलं, की निम्मं काम झालं.

१. खापर मागण्याआधी प्रश्न ठरवा

"हे लोक काय खात होते?" हा प्रश्न भांड्याला विचारू नका. भांड्याच्या स्वतःच्या पोटात काय गेलं एवढंच ते सांगू शकतं. निखाऱ्यांवर भाजलेले कंद, कच्ची फळं, चालता चालता तोंडात टाकलेल्या बिया यांची नोंद त्यात होत नाही.

प्रश्न लहान करा. या वस्तीतल्या भांड्यांत धान्य शिजत होतं का? पाला आणि मासा एकत्र शिजत होते की वेगवेगळे? अरुंद तोंडाची आणि पसरट भांडी वेगळ्या कामांची होती का? प्रश्न असा नेमका झाला की कोणती चाचणी हवी ते आपोआप कळतं. उलट क्रमाने जाणारे खूप भेटतात: विभागात एक यंत्र आहे, म्हणून ती चाचणी, आणि मग निकालाला शोभेल असा प्रश्न.

२. अवशेष कुठे दडलेले असतात ते समजून घ्या

पहिली जागा म्हणजे करपलेला थर. भांडं आचेवर विसरलं की आतून जे लागतं, तीच ही खरवड. काळी, भेगाळलेली, कधी कधी कागदाइतकी पातळ. करपल्यामुळेच ती टिकते, कारण जळून कोळसा झालेलं अन्न कुजवण्यात जीवाणूंना फारसा रस नसतो. या थरात वनस्पतींच्या पेशींचे तुकडे अडकलेले असू शकतात, पिष्टकण आणि फायटोलिथ (वनस्पतींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण) असू शकतात, आणि खुद्द थराच्या कार्बन-नायट्रोजनवरूनही काही कळतं. पेरूमधल्या खापरांवरच्या अशा थराचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजून तिथल्या शेती आणि स्वयंपाकाचा माग काढण्याचं काम ख्रिस्टीन हॅस्टॉर्फ आणि मायकेल डिनायरो यांनी १९८५ मध्येच केलं होतं.

दुसरी जागा भांड्याची भिंत. बिनझिलईच्या मातीच्या भांड्यात लिपिड, म्हणजे चरबी, तेल आणि मेण, आत शिरतात. डोळ्यांना काही दिसत नाही, खापर अगदी स्वच्छ वाटतं. पालेभाज्यांच्या पानांवर जो मेणचट थर असतो त्याच्या खुणा भिंतीत सापडतात, हे रिचर्ड एव्हरशेड आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवलं. इंग्लंडमधल्या वेस्ट कॉटन इथली ती भांडी प्रागैतिहासिक नव्हती, बरीच अलीकडची होती, पण कोबीच्या कुळातली पानं त्यांत शिजली होती हे मेणावरून ओळखता आलं. पुढे २०१६ मध्ये ज्युली डन आणि सहकाऱ्यांनी लिबियाच्या सहारातल्या उआन अफुदा आणि ताकारकोरी या ठिकाणांची ११० खापरं तपासली. इ.स.पू. ८२०० ते ६४०० या काळातल्या त्या भांड्यांत गवतांच्या बिया, पानं आणि पाणवनस्पती यांच्या खुणा मिळाल्या. तिथे तेव्हा शेती नव्हती, हे लक्षात घ्या. रानातल्या वनस्पती शिजवण्यासाठी भांडी वापरणारी ती माणसं होती.

तिसरे पिष्टकण. वनस्पती आपला साठा या कणांत ठेवते. काही मायक्रोमीटरपासून बटाट्याच्या बाबतीत सुमारे १०० मायक्रोमीटरपर्यंत त्यांचा आकार असतो, आणि ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात त्यांच्यावर फुली उमटते.

चौथे फायटोलिथ. मुळांनी शोषलेली सिलिका पेशींत आणि पेशींच्या मधल्या जागेत साठते आणि त्या जागेचा साचा घेते. वनस्पती कुजली, जळली, तरी ही काचेसारखी कणी उरते. गवतवर्गात, म्हणजे पर्यायाने तृणधान्यांत, ती भरपूर असते. बऱ्याच डाळवर्गीय वनस्पतींत आणि कंदांत नगण्य. त्यामुळे फायटोलिथ न सापडणं म्हणजे वनस्पती नसणं असा अर्थ काढू नका.

३. कागदपत्रं जमवा

कंटाळवाणा भाग आहे, पण याला सर्वांत जास्त वेळ लागतो. मी प्रयोगशाळेची वेळ आधी ठरवली आणि परवानगी नंतर मागितली. वेळ वाया गेली.

- खापरं ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांची लेखी परवानगी. "अभ्यासासाठी" एवढं पुरत नाही. नमुना खर्च होणार, परत येणार नाही, हे तिच्यात स्पष्ट हवं.
- नमुने देशाबाहेरच्या प्रयोगशाळेत जाणार असतील तर निर्यातीची वेगळी परवानगी.
- तुलनेसाठी ताज्या वनस्पती परदेशातून आणणार असाल तर वनस्पती आयातीचे कागद.
- उत्खननाची नोंद: प्रत्येक खापर कोणत्या चरातलं, कोणत्या थरातलं, सोबत काय सापडलं, कालमापन कशावरून.
- खापराचा 'दवाखान्याचा कागद'. धुतलं होतं का, कशाने, आम्ल वापरलं का, डिंक किंवा रेझिन लावलं का, क्रमांक कशाने लिहिला.
- नमुन्याचा तक्ता: क्रमांक, छायाचित्र, कुठून घेतला, वजन, तारीख, घेणाऱ्याचं नाव.

पाचवा कागद बहुधा कुणाकडेच तयार नसतो. तरी विचारा. चुनखडीचा पांढरा थर काढण्यासाठी खापर हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवलं असेल, किंवा भुगा होऊ नये म्हणून वरून रेझिन मारलं असेल, तर पुढची चाचणी आणि तिचा अर्थ दोन्ही बदलतात. उत्खनन अजून चालू असेल तर स्वतः जाऊन निवडक खापरं न धुता बाजूला ठेवायला सांगा. एवढी एक विनंती वेळेवर केलीत तर पुढच्या निम्म्या कटकटी टळतील.

४. खापरं निवडा

एक देखणं खापर घेऊन काही सिद्ध होत नाही. वेगवेगळ्या आकारांची, वेगवेगळ्या थरांतली खापरं घ्या, आणि ज्यांच्यावर काहीच दिसत नाही अशीही काही घ्या. फक्त काळा थर असलेली भांडी निवडली तर तुमच्या हाती फक्त करपलेल्या स्वयंपाकाचा इतिहास येईल.

आतला थर आणि बाहेरची काजळी यांत गल्लत होते. काजळी चुलीच्या धुराची असते: भुसभुशीत, बोटाला लागणारी, बहुतेक वेळा बाहेरून. अन्नाचा थर दाट असतो, त्यात बुडबुड्यांची छिद्रं दिसतात, भिंगाखाली कधी एखादं टरफलही. काठावरून उतू गेलेलं अन्न बाहेरही करपतं, म्हणून बाहेरचं सगळं काजळीच असं धरून चालू नका.

लिपिडसाठी शक्यतो काठाचा किंवा खांद्याचा तुकडा घ्या. उकळणाऱ्या भांड्यात चरबी वर तरंगते आणि वरच्या भिंतीत जास्त जिरते. तळाच्या तुकड्यांवरच भरवसा ठेवलात तर भांडं रिकामं वाटू शकतं.

५. साहित्य

- पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे. भरपूर. प्रत्येक नमुन्याला नवी जोडी.
- निर्जंतुक स्काल्पेलची पाती, प्रत्येक नमुन्याला नवं पातं.
- ॲल्युमिनियम फॉइल आणि काचेच्या कुप्या. काचेची भांडी भट्टीत ४५० अंश सेल्सिअसला काही तास तापवून घेतलेली.
- लहान ड्रिल आणि त्याची टोकं.
- मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखवणारा काटा.
- ध्रुवित प्रकाशाची सोय असलेला सूक्ष्मदर्शक, ४०० पट मोठं दाखवणारा.
- सेंट्रिफ्यूज आणि कण घनतेनुसार वेगळे करणारा जड द्रव. सोडियम पॉलीटंगस्टेट सगळ्यांत सोयीचं, आणि गाळून पुन्हा वापरता येतं.
- इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि जीसी-एमएस यंत्र, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून आलेखावर दाखवणारं यंत्र. ही कुणी स्वतःची घेत नाही. सहकार्याने किंवा शुल्क भरून वापरतात.

प्लास्टिकच्या पिशव्या या यादीत नाहीत, ते मुद्दामच. प्लास्टिकमधली थॅलेट्स नावाची रसायनं खापरात उतरतात आणि आलेखावर मोठमोठे उंचवटे उभे करतात. जुन्या संग्रहातली खापरं पिशवीतच असतात, त्याला इलाज नाही. पण निदान ते उंचवटे ओळखायला शिका. नवशिक्यांनी त्यांना 'अनोळखी वनस्पती' ठरवल्याचं मी पाहिलं आहे.

६. नमुना घ्या, पण या क्रमाने

जी चाचणी नमुन्याला कमी इजा करते ती आधी.

क) छायाचित्रं. आतून, बाहेरून, कडेने, मोजपट्टीसह. एकदा खरवडलं की थर कसा होता हे पुन्हा कुणालाच दिसणार नाही.

ख) नियंत्रण नमुने. खापराला चिकटलेली माती वेगळी ठेवा. खापराच्या बाहेरच्या बाजूचा थोडा भाग घ्या. खापर जिथे सापडलं तिथली, भांड्यापासून जरा दूरची माती मिळाली तर फारच उत्तम. आतल्या थरात जे आहे तेच बाहेर आणि मातीतही तितकंच असेल, तर ते अन्न नाही, जमिनीतून आलेलं आहे. हेली सॉल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये डेन्मार्क आणि जर्मनीतल्या सुमारे ६००० वर्षांपूर्वीच्या भांड्यांत अ‍ॅलिअरिया पेटिओलाटा या मोहरीच्या कुळातल्या, लसणीच्या वासाच्या रानवनस्पतीच्या बियांतले फायटोलिथ दाखवले. या बियांत पोषण नगण्य, चव मात्र झणझणीत, म्हणजे मसाला. तो दावा टिकला, कारण हे कण भांड्यांच्या आतल्या थरात जास्त होते आणि बाहेर कमी.

ग) थराची एक अख्खी खपली, दोन-चार मिलिमीटरची, न चुरडता. ही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी. बरेच जण आधी सगळा थर खरवडून भुकटी करतात आणि मग पेशींची रचना शोधायला बसतात. भुकटीत रचना कुठून मिळणार?

घ) समस्थानिकांसाठी आणि कार्बन-१४ वरून वय काढण्यासाठी काही मिलिग्रॅम.

च) पिष्टकण आणि फायटोलिथसाठी काही मिलिग्रॅम. दोन्ही एकाच नमुन्यातून निघतात, पण आधी पिष्ट, मग फायटोलिथ. फायटोलिथ मोकळे करायला तीव्र आम्ल लागतं आणि त्यात पिष्ट नष्ट होतं. हा क्रम चुकवण्याची चूक मी स्वतः केली आहे. तो नमुना गेला तो गेलाच.

छ) शेवटी भिंत. ड्रिलने वरचा सुमारे एक मिलिमीटर भाग काढून टाका, कारण मातीचा आणि बोटांचा स्पर्श तिथे झालेला असतो. त्याखालची एक ते दोन ग्रॅम भुकटी फॉइलवर गोळा करा. ड्रिल हळू फिरवा. वेगाने फिरवलं की ते तापतं.

आणि उघड्या बोटांनी काही करू नका. त्वचेतून कोलेस्टेरॉल आणि स्क्वालीन उतरतं. आलेखात दोन्ही सोबत दिसली तर मांस शिजल्याचा निष्कर्ष काढण्याआधी खापर कुणाकुणाच्या हातांतून गेलं ते विचारा.

७. सूक्ष्मदर्शकाखाली काय बघायचं

पिष्टकणांची घनता साधारण १.५ असते. म्हणून जड द्रवाची घनता १.७ ते १.८ ठेवली की ते वर तरंगतात आणि मातीचे कण खाली बसतात. फायटोलिथसाठी द्रव २.३ च्या आसपास लागतो.

पिष्टाच्या बाबतीत एक प्रश्न स्वतःला सतत विचारत राहा: शिजलेल्या भांड्यात न शिजलेला कण कसा काय? पाण्यात सुमारे ६० ते ७५ अंशांना बहुतेक पिष्टकण फुगतात, फुटतात, आणि त्यांची फुली नाहीशी होते. म्हणजे उकळलेल्या अन्नाच्या अवशेषांत ठसठशीत फुली असलेले, तुकतुकीत कण भरपूर मिळाले तर आनंद नको, संशय हवा. काही कण टिकतात हे मात्र खरं. कोरड्या कोपऱ्यात अडकलेले, अर्धवट शिजलेले, थर करपताना पाणी आधीच उडून गेलेलं असतं तिथले. इक्वाडोरमधल्या लोमा आल्ता इथल्या सुमारे ५००० वर्षांपूर्वीच्या भांड्यांच्या करपलेल्या थरांतून मक्याचे कण मिळाल्याचं २००८ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि तिथे खुद्द त्या थरांचंच कालमापन केलं होतं.

प्रयोगशाळेची हवाही स्वच्छ नसते. अ‍ॅलिसन क्राउदर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पिष्टाच्या प्रयोगशाळांतलं प्रदूषण तपासून मांडलं: हातमोजे, टिश्यू, रसायनं, सगळीकडून गहू, मका, बटाटा यांचं पिष्ट येऊ शकतं. आणि प्राचीन अन्नात शोधायची पिकंही बरेचदा हीच! म्हणून टेबलावर रिकाम्या काचपट्ट्या उघड्या ठेवा, दर आठवड्याला तपासा, आणि नमुन्यांसोबत एक 'कोरा' नमुना सगळ्या पायऱ्यांतून फिरवा. कोऱ्या नमुन्यात जे सापडेल ते निकालातून वजा. डबा खाण्याची जागा वेगळी ठेवा, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

फायटोलिथमध्ये वेगळी फसगत आहे. तृणधान्याचे बहुतेक फायटोलिथ दाण्यात नसतात, तुसात आणि पानात असतात. नीट कांडून-पाखडून स्वच्छ केलेलं धान्य भांड्यात गेलं तर ते जवळपास काहीच मागे ठेवणार नाही. उलट तुसाचे कण भरपूर असतील तर धान्य अर्धवट साफ केलेलं होतं, की पेय बनवायला मोडवलेलं (मोड आणलेलं) होतं, की भांडं घडवताना मातीत तूस मिसळलं होतं? हे शेवटचं फार जणांच्या लक्षात येत नाही. खापराच्या मोडलेल्या कडेवर तुसाचे ठसे दिसतात का ते आधी भिंगातून बघा.

आता खपली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली करपलेल्या थरात कधी कधी दाण्याच्या सालीचे पापुद्रे ओळखता येतात. सालीच्या आत अल्युरोन नावाचा पेशींचा थर असतो. गव्हात तो एका रांगेचा, जवात बहुधा दोन ते चार रांगांचा. दाणा मोडवला असेल तर याच पेशींच्या भिंती पातळ होतात, आणि करपल्यावरही ते दिसू शकतं, असं २०२० मध्ये आंद्रेआस हाइस आणि सहकाऱ्यांनी मांडलं. मला स्वतःला हा भाग सर्वांत आवडतो. रसायनात वनस्पतीचं नाव आलेखावरून ताडावं लागतं. इथे ती समोर दिसते, तिच्या पेशींसकट. अर्थात दहा खपल्यांपैकी आठ-नऊंत नुसता फेसाळ कोळसा असतो. धीर धरा.

८. रसायनाची बाजू

भुकटीतून लिपिड काढायच्या दोन रूढ पद्धती आहेत. क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल यांच्या २:१ मिश्रणाने धुवून काढणं, किंवा सल्फ्युरिक आम्ल मिसळलेल्या मिथेनॉलमध्ये ७० अंशांवर तापवणं. दुसरी घट्ट धरून बसलेली लिपिडंही सोडवते, पण मेणातले काही संयुक्त रेणू त्यात तुटतात. वनस्पतींच्या मेणाचाच शोध असेल तर पहिली आधी करा. दोन्ही कामं वायुविजनाच्या कपाटातच करायची. एका ग्रॅम खापरात ५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी लिपिड निघालं तर सहसा त्याचा अर्थ लावत नाहीत.

वनस्पतीच्या खुणा अशा: विषम संख्येने कार्बन असलेल्या लांब साखळ्या, विशेषतः २७, २९ आणि ३१ कार्बनच्या, कोलेस्टेरॉलऐवजी सायटोस्टेरॉलसारखी वनस्पतीची स्टेरॉल, आणि १८ कार्बनच्या मेदाम्लापेक्षा १६ कार्बनचं मेदाम्ल बरंच जास्त. यांतली एकटी कुठलीच पुरेशी नाही. सायटोस्टेरॉल तर मातीतल्या मुळांतूनही येतं.

काही मोजक्या वनस्पतींची मात्र खास ओळख असते. प्रोसो मिलेट या भरडधान्यात मिलिआसिन नावाचं संयुग मुबलक असतं. कार्ल हेरन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पोलंडमधल्या ब्रुश्चेवो आणि कोरियातल्या माजॉन-री इथल्या भांड्यांत ते दाखवलं. गव्हासारख्या धान्यांच्या कोंड्यात अल्किलरिसॉर्सिनॉल असतात. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर तळ्यांतल्या मानवनिर्मित बेटांजवळ पाण्याखाली राहिलेल्या नवाश्मयुगीन भांड्यांत ते मिळाले, आणि गहू दुधासोबत शिजवला जात असावा असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. ती भांडी पाण्यात बुडालेली होती म्हणून हे रेणू टिकले. कोरड्या जमिनीतल्या खापरातून तशी अपेक्षा धरू नका. शिवाय जवात हे रेणू बरेच कमी असतात. त्यामुळे 'गहू होता, जव नव्हता' असं या एका पुराव्यावरून लिहिता येत नाही.

समस्थानिकांबद्दल थोडक्यात. हवेतला कार्बन घेण्याच्या पद्धतीवरून वनस्पतींचे गट पडतात. गहू, जव यांसारख्या सी-३ गटातल्या वनस्पतींचं कार्बन-१३ चं मूल्य सरासरी उणे २७ दर हजारी असतं आणि मका, प्रोसो मिलेट यांसारख्या सी-४ वनस्पतींचं सुमारे उणे १२. फरक मोठा म्हणून मोह होतो. पण समुद्री मासाही आकडा सी-४ च्या दिशेला ओढतो, आणि सी-४ गवत खाल्लेल्या जनावराचं दूधसुद्धा. थरात मासा असेल तर कार्बन-१४ चं वयही खऱ्यापेक्षा जुनं येतं, कारण पाण्यातला कार्बन जुना असू शकतो.

९. स्वतः शिजवा आणि करपवा

पुस्तकातल्या चित्रांवरून ओळख पटवणं सोडून द्या. ज्या प्रदेशातली खापरं आहेत तिथल्या वनस्पती जमवा. फक्त पिकं नव्हे, रानातल्या खाद्य वनस्पतीही. त्यांचे कच्चे, उकडलेले, भाजलेले, आंबवलेले, दळलेले असे नमुने तयार करा आणि प्रत्येकाच्या काचपट्ट्या बनवा. मग बिनझिलईच्या नव्या मातीच्या भांड्यात शिजवा, मुद्दाम लागू द्या, आणि तो थर खरवडून तुमच्याच पद्धतीने तपासा. आपण घातलेलं आपल्यालाच सापडत नाही, हा अनुभव घ्यायलाच हवा.

मेलनी मिलर आणि सहकाऱ्यांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे फार कामाचा आहे. सात जणांनी वर्षभर मातीच्या भांड्यांत ठरावीक पदार्थ पुन्हा पुन्हा शिजवले आणि शेवटी पदार्थ बदलला. करपलेल्या थराने शेवटच्या स्वयंपाकाची बातमी दिली, तर भिंतीत जिरलेल्या लिपिडांत आधीच्या स्वयंपाकांची सरमिसळ होती. म्हणजे थर आणि भिंत यांची उत्तरं जुळली नाहीत तर घाबरू नका. कदाचित दोघंही खरं बोलत असतील, वेगवेगळ्या दिवसांबद्दल.

१०. पुरावे शेजारी ठेवा आणि मोजून लिहा

प्रत्येक खापरासाठी एक ओळ, प्रत्येक चाचणीसाठी एक रकाना. रिकामे रकाने रिकामेच ठेवा. चीनमधल्या मिजियाया इथल्या सुमारे ५००० वर्षांपूर्वीच्या भांड्यांत बिअर बनत होती हा २०१६ चा निष्कर्ष वाचनीय आहे, तो याच कारणासाठी: मोडवल्याने आणि गरम पाण्यात मुरवल्याने खराब झालेले पिष्टकण, तुसांचे फायटोलिथ, बिअर बनवताना साचणाऱ्या ऑक्झलेटची रासायनिक खूण आणि भांड्यांचे आकार, असं सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं.

लिहिताना जितकं दिसलं तितकंच नाव द्या. 'गवतवर्गीय वनस्पतीचं तूस' एवढंच दिसलं असेल तर 'गहू' लिहू नका. कोरे नमुने, फसलेले नमुने, मातीचे नियंत्रण नमुने यांचे आकडेही द्या. परीक्षक पहिल्यांदा तेच मागतात, आणि नसतील तर सहा महिने मागे जावं लागतं.

उरलेली खपली, भुकटी, अर्क आणि काचपट्ट्या फेकू नका. अर्क नायट्रोजनखाली सुकवून, टेफ्लॉनच्या अस्तराचं झाकण लावून फ्रीजरमध्ये ठेवा, आणि खापराच्या मालकांना कळवा की काय उरलंय आणि कुठे आहे. कुपीवर क्रमांक पेन्सिलीने लिहिलेली कागदी पट्टी बांधा. मार्करची शाई मिथेनॉलच्या एका थेंबाने पुसली जाते. माझ्या तीन कुप्या अशाच नावगाव नसलेल्या झाल्यात आणि अजून फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात पडून आहेत.